आईच्या नावावर खपवलेलं खोटं

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. दर्यापूर आणि अकोल्याच्या मधे कुठेही विहीर खणा, पाणी मचूळच लागतं. त्यात तुरीची डाळ दोन तास रटरटली तरी दाणा मोडत नाही. आमच्या परसातली विहीर तेवढी, कशी कोण जाणे, गोडी निघाली. घरात आई आणि मी दोघंच. मी गावच्या शाळेत मास्तर होतो.

नवे गुरुजी आले ते अमरावतीहून, बायको आणि सहा महिन्यांची मुलगी घेऊन. बौद्ध कुटुंब, दीक्षा घेऊन दोन वर्षं झालेली. माणूस माझ्यापेक्षा वाचलेला आणि बोलायला तिखट. तिसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमची विहीर गोडी हाय म्हनते गाव. दोन घागरी भेटतीन काय?"

"आटली हो," मी म्हणालो. "घरापुरतंही पुरून नाही राहिलं."

विहिरीत तेव्हा दोन पुरुष खोल पाणी होतं.

शाळा सुटली की आम्ही ओट्यावर बसायचो. वाद ठरलेला: माणूस मुळात चांगला की वाईट. ते म्हणायचे, चांगला. वाईटपणा त्याला शिकवावा लागतो. मी म्हणायचो, वाईट. चांगुलपणाची सवय लावावी लागते. ते हसायचे. "तुमी कावून येवढे माणसावर चिडून राहिले? कोनं काय केलं तुमचं?" माझं कोणी काही केलेलं नव्हतं. पण पुराव्यासाठी मला लांब जायचीही गरज नव्हती.

एका संध्याकाळी ते लवकर उठले. मुलीचं पोट आठ दिवसांपासून बिघडलं होतं. मी हळहळलो, ओव्याचं पाणी देऊन पाहा म्हणालो, आणि घरी येऊन पोटभर गोडं पाणी प्यालो. हे वाक्य कागदावर यायला बारा वर्षं लागली.

पुढल्या आठवड्यात शाळेतून परतलो तर त्यांची बायको आमच्या विहिरीपाशी उभी, आणि आई दोर ओढतेय. दोघींची गाठ पिठाच्या गिरणीत पडली होती. वरण शिजत नाही, पोरीला पाणी मानवत नाही, म्हणून ती रडकुंडीला आलेली. आई म्हणाली, "अवं मंग आमच्या घरी ये ना. विहीर काय डोक्यावर घेऊन येऊ?" आणि हाताला धरून घेऊनच आली. पहिले चार दिवस आईनं दोर स्वतःच्याच हातात ठेवला, हेही सांगायला हवं. पाचव्या दिवशी खांदे दुखतात म्हणून तिनं तो सोडला. खरंच दुखत होते की काय, मी विचारलं नाही.

त्या पहिल्याच संध्याकाळी गुरुजींनी सरळ विचारलं, "विहीर तं भरली हाय. मंग?"

"आई जुन्या वळणाची," मी म्हणालो. "तिला चाललं नसतं."

"बरं," ते म्हणाले.

आईला मी कधी विचारलंच नव्हतं. नको वाटलं होतं ते मला. खादी घालणाऱ्या, पंधरा ऑगस्टला पोरांपुढे समतेवर बोलणाऱ्या मला.

त्यांच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी आईलाच विचारलं. मी आतल्या खोलीत होतो. "मावशी, पहिले तुमीच नाही म्हनलं होतं काय?"

रहाट थांबला. मग आईचा आवाज आला, "हो वं माय. म्हातारी बाई मी, सुचलं तसं बोलली. मनात नोको धरू."

आत येऊन तिनं माझं ताट मांडलं. "मले इचारलं होतं काय रे तू?" एवढंच. आणि उत्तराची वाट न पाहता भाजी वाढायला वळली.

पुढे गुरुजींची अकोल्याला बदली झाली, तरी येणं-जाणं राहिलं. मुलगीही चांगली धडधाकट झाली. आई मात्र गेली ती माझा ठपका घेऊनच. तेरवी झाल्यावर मी अकोला गाठलं आणि नवराबायकोला समोर बसवून सगळं सांगितलं.

गुरुजींच्या बायकोनं सुपारी कातरणं थांबवलं नाही. "मले तवाच समजलं होतं भाऊजी. नाही म्हननारी बाई गिरणीतून हाताले धरून आनते काय? पन मावशीनं सोतावर घेतलं, मंग मी तिले खोटी कशी पाडू? यायले बी, घरच्या मानसाले, नाही सांगितलं."

गुरुजी तिच्याकडे वळले. "दहा वर्षं?"

"मंग? सांगितलं असतं तं तुमचं ओट्यावरचं भांडन बंद झालं असतं. घरी येऊन माह्याच डोक्याशी भांडले असते."

मी म्हणालो, "राग आला असेल तर बोला, गुरुजी."

"आला ना. लय आला," ते म्हणाले. "दोन दिवस तं राहीनच. तवरोक जाऊ नका."

मी दोन दिवस राहिलो.