पोलिओशी अक्काचं वैर

अक्का गेली त्या सकाळी मी नातेवाइकांना कळवायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश झळकला. कमळ, पणती, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली लगेच पाण्याच्या टँकरची वेळ. याच माणसाने अक्काचं पोलिओच्या डोसचं टेबल गेटच्या आत येऊ दिलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, याला सोडायचं नाही... अक्कानेही सोडलं नसतं.

शकूअक्का माझी थोरली बहीण. आम्ही मल्लेश्वरमचे, घरात मराठी, दारात कन्नड. ती दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि उतरताना उजवा पाय घेऊन गेला. लस तेव्हा शहरात मिळू लागली होती. पण तिला न्यायचं त्या दिवशी घरी कुणा महाराजांची पाद्यपूजा निघाली. "पुढच्या वेळी नेऊ, सरी? ठीक आहे ना?" आजोबा म्हणाले. पुढच्या वेळी नेलं ते पायाला बांधायच्या लोखंडी कॅलिपरचं माप द्यायला. त्या दिवशी एका थोर पायाला चंदन लागलं, एवढंच आमच्या हाती आलं. थाटामाटाबद्दल आमच्या घरात फारसं प्रेम नाही, ते तेव्हापासून.

अक्का टेलिफोन खात्यात कारकून झाली आणि दर पोलिओ रविवारी डोसच्या टेबलावर जाऊन बसू लागली. नर्स थेंब पाजायची, अक्का बाळाच्या करंगळीला शाई लावायची. मी एकदा तिच्या समाजसेवेचं कौतुक केलं. "समाजसेवा कसली रे? सूड घेतेय. त्याने माझा एक पाय घेतला. मी त्याला या गावात पाय ठेवू देणार नाही."

निवृत्तीनंतर ती आमच्याकडे एचएसआर लेआउटला आली. नर्सला घेऊन तिने पोलिओ रविवारसाठी क्लबहाउस मागितलं. अध्यक्ष पुण्याचे, बोलायला गोड. "अक्का, त्या दिवशी योगा आहे. अँड ऑनेस्टली, पोलिओ तर गेलाय ना इंडियातून? आमच्या नातवाला आम्ही नॅचरल इम्युनिटीवरच वाढवतोय."

"गेला नाही, हाकललाय," अक्का म्हणाली. "आणि नॅचरल इम्युनिटीचं म्हणाल तर मीसुद्धा नॅचरलच लंगडते."

टेबल गेटबाहेर, वॉचमनच्या छत्रीखाली लागलं. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, 'कोणावरही दबाव नको.' दिवसभरात घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं तेवढी आली. चार वाजता अध्यक्षांची सून नातवाला कडेवर घेऊन आली. "लवकर द्या, बाबा झोपलेत." मुलाने थेंब गिळून तोंड वाकडं केलं. अक्काने त्याच्या करंगळीवर शाईचे दोन हात दिले. नर्स म्हणाली, "स्वल्प साकु, अक्का." म्हणजे थोडीच पुरे.

"छे, आजोबांना लांबूनच दिसायला हवी," अक्का म्हणाली. तिला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं असेल.

शोकसभेला अध्यक्ष माइकवर होते. अक्का आमची प्रेरणा, आम्ही सदैव त्यांच्या पाठीशी वगैरे. पाठीशी होतेच, गेट मध्ये होतं. शेवटी आवाज जड करून म्हणाले, "अक्कांची कुठलीही एक वस्तू कुटुंबाने द्यावी. क्लबहाउसमध्ये ती आपण कायमची, सन्मानाने ठेवू." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात अक्काचं कपाट आवरताना तळाशी तिचा पहिला कॅलिपर सापडला. वीतभर लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि मुठीत मावेल एवढा बूट. कुणा मुलाच्या उपयोगी पडेल म्हणून मी असे कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "दुसऱ्या आजारांची मुलं येतात, सार, पण त्यांना आता प्लास्टिकचं लागतं. पोलिओची लहान मुलं येतच नाहीत. हे घेऊन मी काय करू?"

मी त्याचे दोनदा आभार मानले. त्याला वाटलं असेल, ऐकू कमी येतं... अक्काच्या सुडाची पोचपावती इतक्या साध्या शब्दांत मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मग जाणवलं, 'आता पोलिओ नाही' हे तर अध्यक्षही म्हणतात. त्याच वाक्यावर ते टेबल गेटबाहेर ठेवतात.

मी तो कॅलिपर पुसला, चामड्याला तेल लावलं आणि क्लबहाउसमध्ये नेऊन दिला. कुठलीही एक वस्तू, कायमची, सन्मानाने. शब्द त्यांचेच होते, साक्षीला दीडशे माणसं.

आता तो बॅडमिंटनच्या चषकांच्या मधोमध, काचेआड उभा आहे. परवा अध्यक्ष लिफ्टमध्ये भेटले. "सर, इट्स अ बिट डिस्टर्बिंग. मुलं विचारतात, हे कोणाचं, एवढं छोटं? काय सांगायचं?"

"खरं ते सांगा," मी म्हटलं. "नातवापासून सुरुवात करा."