आरशाला अडकवलेले हेल्मेट

सावनेरकडे जाणाऱ्या एका आतल्या रस्त्यावर केलेला पंचनामा मला अजून तोंडपाठ आहे. त्यातले एक वाक्य असे: 'मोटारसायकल रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असून तिच्या उजव्या आरशाला पांढऱ्या रंगाचे हेल्मेट अडकवलेले आहे.' हे वाक्य खरे होते. मी जे पाहिले तेच लिहिले. पण त्या वाक्यामुळे एक बाई कित्येक वर्षे स्वतःला नवऱ्याच्या मरणाला जबाबदार धरत राहिली. ते मला कळले होते, आणि मी ते दुरुस्त केले नाही. म्हणून हे लिहीत आहे. नावे कोणाचीच देणार नाही.

मे महिन्यातला रविवार होता. मी तेव्हा त्या भागात ठाणेदार होतो. दुपारी बाराच्या सुमारास ठाण्यात फोन आला की आतल्या रस्त्यावर एक मोटारसायकलवाला पडलेला आहे. आमचा एक हवालदार बाजाराच्या बंदोबस्तावरून परत येत होता, तो जवळ असल्याने आधी पोहोचला. मी जीप घेऊन वीसेक मिनिटांनी गेलो. तोवर जखमी मरण पावला होता. रुग्णवाहिका माझ्यानंतर आली.

मृत तिशीतला होता. नागपूरच्या बेसा भागात राहायचा, शहरात एका कार्यालयात कारकून होता आणि दर रविवारी गावाकडची शेती पाहायला मोटारसायकलने जायचा. मोठ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक फार, म्हणून तो आतून जायचा. त्या रस्त्याला दुपारी चिटपाखरू नसते. दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी वावरे, मध्ये कुठे बाभळीची सावली. मीही जन्मभर मोटारसायकल चालवली आहे, त्यामुळे अशा रस्त्याची ओढ मला समजते. तिथे इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि माणूस स्वतःशी बोलू शकतो. धोका एवढाच की पडलो तर पाहायला कोणी नसते.

रस्त्यावर आरशाच्या काचेचे तुकडे होते. मृताच्या गाडीचा डावा आरसा वाकला होता, पण काच दोन्हींची शाबूत होती. म्हणजे फुटलेला आरसा दुसऱ्या गाडीचा. मागून येऊन कोणीतरी ठोकून पळाले, हे उघड होते. मी हवालदाराला विचारले, "गाडी तू उभी केली का?" तो म्हणाला, "हो साहेब, रस्त्यात आडवी होती." मी तेवढेच विचारले. हेल्मेट तिथे कोणी अडकवले हे विचारले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दहातले सहा जण हेल्मेट आरशालाच अडकवून फिरतात आणि डोक्याला दुपट्टा बांधतात. मी रोज तेच पाहत होतो, म्हणून तिथेही मला तेच दिसले.

मृताच्या डोक्याला पांढरा सुती दुपट्टा होता, ओला. अंगात जाळीचे फिक्या रंगाचे जॅकेट होते, खांद्यांना आणि कोपरांना आतून पॅड असलेले. त्याची चेन उघडी होती. हातात मोजे होते. पंचनाम्यात हे सगळे आले. हेल्मेटच्या डाव्या बाजूला खरवडल्याची खूण होती, तीही मी लिहिली, पण ती जुनी असेल असे धरून पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी मृताची बायको ठाण्यात आली. सोबत दीर होता. बाई रडत नव्हती. तिने एकच विचारले.

"साहेब, दुपट्टा कसा बांधला होता?"

मी मान वर करून पाहिले. दुःखात माणसे काहीही विचारतात. मी म्हणालो, दुपट्टा मुद्देमालात जमा आहे, तपास संपल्यावर मिळेल. दीर तिला म्हणाला, "वहिनी, चला आता." पण ती हलली नाही. मग तिने जे सांगितले ते असे. नवरा गाडीवर निघताना सगळे चढवायचा, जॅकेट, मोजे, हेल्मेट. शेजारी हसायचे, चंद्रावर चालला का गा म्हणून विचारायचे. तो सांगायचा की उघड्या अंगाला गरम वारा जास्त लागतो. बनियन ओली करून वर जाळीचे जॅकेट घातले की वारा आत खेळतो, काळे हेल्मेट तापते म्हणून पांढरे घ्यायचे. दुकानात जाऊन एकेक जॅकेट तो उजेडासमोर धरून पाहायचा, आरपार दिसते की नाही ते. त्या रविवारी ऊन फारच होते. तिने म्हटले, एवढ्या उन्हात ते ओझे डोक्यावर काहून घेता, दुपट्टा बांधा आणि जा. तो हसला. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला आणि ती पाणी भरायला गुंड, म्हणजे घागर, घेऊन उतरली. ती वर आली तेव्हा तो गेलेला होता.

"मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "आणि तुमच्या कागदावर हेल्मेट आरशाले होतं."

मी तिला पाणी दिले आणि घरी पाठवले.

त्याच दिवशी दुपारी खबर मिळाली. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या रस्त्याच्या तोंडाशी दर उन्हाळ्यात पाणपोई चालवत. ते सायकलवर ठाण्यात आले. त्यांनी सांगितले, रविवारी एक मालवाहू गाडी थांबली होती, मागे स्टीलची भांडी खडखडत होती. डावा आरसा नव्हता. ड्रायव्हरने पाणी प्यायच्या ऐवजी दोन लोटे डोक्यावर ओतले आणि मोठा रस्ता न घेता इतवारीत कसे जाता येईल ते विचारले. "मी म्हटलं, बापू, रस्ता चुकला का? तर मले म्हणते, हो, चुकला," ते म्हणाले. मग म्हणाले, "तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत दोन शिपाई घेऊन मी इतवारीच्या भांडी बाजारात गेलो. तिथे पोलिसाने दुकानदाराला काही विचारू नये, त्याला काहीच आठवत नाही. हातगाडी ओढणाऱ्यांना विचारावे. त्यांना प्रत्येक गाडी पाठ असते, कारण त्यांना तिच्यापासून वाचायचे असते. एक हमाल हसून म्हणाला, "आहे न साहेब, ते तिकडची. याने गाडीले एकाच डोळ्याचा चष्मा लावला." गाडी जुनाट होती आणि डावा आरसा कोरा करकरीत.

ड्रायव्हर पन्नाशीचा होता. पहिला तास तो म्हणत राहिला की आरसा गल्लीत फुटला. मी वाद घातला नाही. चौकशीत माझी पद्धत साधी होती. माणसाला बसवायचे, चहा द्यायचा आणि आपण आपले कागद लिहीत राहायचे. निर्ढावलेला असेल तर चहा पितो. याने कप हातात धरला आणि चहावर साय येईपर्यंत तसाच बसला. मग बोलू लागला.

ओव्हरटेक करताना समोर खड्डा आला, त्याने गाडी डावीकडे ओढली, आरसा मोटारसायकलवाल्याच्या खांद्याला लागला आणि तो गाडीसकट पडला. ड्रायव्हर थांबला होता. खाली उतरून त्याच्यापर्यंत गेलाही होता.

"काच खाली होती साहेब, हेल्मेटची. आतून माह्याकडं पाहून राहिला होता. डोळे मिटे, उघडे. जिवंत आहे म्हणून मी पळालो. वाटलं, कोणी तरी येईल."

माझे पेन थांबले. मी पुन्हा विचारले, हेल्मेट डोक्यावर होते? तो म्हणाला, डोक्यावरच होते, पट्टा लावलेला.

मी त्याला बाहेर बसवले आणि हवालदाराला आत बोलावले. हा माणूस माझ्या नोकरीतल्या चांगल्या माणसांपैकी एक होता. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. मी विचारले, हेल्मेट आरशाला कोणी अडकवले? तो लगेच म्हणाला, "मीच, साहेब."

त्याने सगळे सांगितले. तो पोहोचला तेव्हा माणूस शुद्धीवर नव्हता. रक्त दिसत नव्हते. मे महिन्यातली दुपार. आमच्याकडे रस्त्यावर पडलेला माणूस दिसला की पहिला विचार एकच येतो, याला ऊन लागले. त्याने पट्टा काढून हेल्मेट ओढून काढले, जॅकेटची चेन उघडली, बाटलीतले पाणी दुपट्ट्यावर ओतले, डोके मांडीवर घेतले. हेल्मेट धुळीत लोळू नये म्हणून गाडी उभी करून आरशाला अडकवले. नीटनेटका माणूस होता तो. ठाण्यातल्या टोप्याही तोच खुंटीला लावायचा.

मग मी विचारले, दुपट्टा कसा होता? तो म्हणाला, डोक्यावर चापून बसवलेला आणि गाठ मानेमागे. तेव्हा मला त्या बाईचा प्रश्न समजला. नागपुरात कोणालाही समजावा असा तो प्रश्न होता, आणि मोटारसायकलवाल्या माणसाला तर नक्कीच. नुसता दुपट्टा बांधून निघणारा माणूस तोंड, कान, गळा सगळे गुंडाळतो आणि टोक कानाशी खोचतो. मानेमागे चपटी गाठ मारतो तो ज्याला वरून हेल्मेट घालायचे असते.

मृत्यूचे कारण मानेच्या मणक्याची जखम होते. डॉक्टरांना मी आडून विचारले की अशा माणसाचे हेल्मेट ओढून काढले तर काय होते. ते म्हणाले, काढायला नको असते, मान हलते. पण ही जखम मुळातच मोठी होती, कशाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही. ते उत्तर मी हवालदाराला सांगितले नाही. त्याने विचारलेही नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवले. ड्रायव्हरच्या जबाबात हेल्मेटचे वाक्य घेतले नाही. ते घेतले असते तर आरोपीच्या वकिलाने मृत्यू पोलिसांच्या हातून झाला म्हटले असते, गुन्हा ढिला पडला असता आणि हवालदाराची चौकशी लागली असती. ही कारणे मी स्वतःला आणि हवालदाराला दिली. त्यात ठाण्याची, म्हणजे माझी, अब्रूही होती. हवालदार ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "कागदावर नका घेऊ साहेब. पण त्या बाईले तरी सांगू द्या."

मी नाही म्हणालो. सांगितलेली गोष्ट कोर्टात पोहोचते, असे म्हणालो.

गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल आम्हाला शाबासकी मिळाली. ड्रायव्हरला शिक्षा झाली. निकालपत्रात 'मृताने हेल्मेट परिधान केलेले नव्हते' असे वाक्य होते, ते माझ्या पंचनाम्यावरून आले. निकालानंतर बाई मुद्देमाल न्यायला आली. दुपट्टा घडी घालून पाकिटात होता, त्याच्या गाठीचा आता काही पत्ता नव्हता. तिने पुन्हा तेच विचारले. मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, "तशी नोंद नाही."

हवालदार निवृत्त झाला आणि चार वर्षांनी गेला. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. त्याने शेतीचे, नातीचे सांगितले. त्या रविवारचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. माझ्या सांगण्यावरून तो गप्प राहिला होता आणि तसाच गेला. नंतर मीही निवृत्त झालो. मोटारसायकल सोडली नाही. उन्हाळ्यात पहाटे निघतो, जाळीचे जॅकेट घालतो, दुपट्टा बांधतो आणि मानेमागे गाठ मारतो. दर वेळी तिथे हात थांबायचा.

या उन्हाळ्यात मी बेसा भागात त्या बाईच्या घरी गेलो. तिने ओळखले. मुलगी कॉलेजात आहे, बसने जाते. घरात दुचाकी नाही. मी पाणी घेतले नाही, आधी बोललो. सगळे सांगितले, हवालदाराने काय केले आणि मी काय लपवले. तिने मध्ये एकदाच विचारले.

"गाठ मागे होती?"

"मागे. चपटी. वरून हेल्मेट, पट्टा लावलेला."

मी शिव्या ऐकायच्या तयारीने गेलो होतो.

"म्हणजे त्यांनी माझं ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. "कधीच ऐकत नव्हते ते माझं."

माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. निघताना दारात मात्र म्हणाली, "तोंडी नको, साहेब. पहिल्यांदा जसं कागदावर लिहिलं होतं तसंच हेही लिहून द्या. सासरच्यांना मीच सांगितलं होतं मी काय म्हटलं ते. त्यांना वाचून दाखवाले पाहिजे."

या तपासाने मला शिकवले ते थोडके आहे. घटनास्थळी दिसणारी प्रत्येक वस्तू कोणीतरी तिथे ठेवलेली असू शकते, म्हणून ती कोणी ठेवली हे विचारावे. आणि घरच्या माणसाचा विचित्र वाटणारा प्रश्न आधी लिहून घ्यावा. हे मी निवृत्तीपर्यंत नव्या फौजदारांना सांगत आलो. कुठून शिकलो ते सांगत नव्हतो.

लेखी निवेदन मी वरिष्ठ कार्यालयात दिले आहे. त्याचे जे व्हायचे ते होईल. एक प्रत त्या घरी दिली. त्यातला मजकूर इथेही नोंदवतो:

'अपघाताच्या वेळी मृताने पांढऱ्या रंगाचे हेल्मेट परिधान केलेले होते. पट्टा लावलेला होता, काच खाली होती. हेल्मेटखाली सुती दुपट्टा असून त्याची गाठ मानेमागे होती. हेल्मेट अपघातानंतर पोलिसांनी काढले व आरशाला अडकवले. पूर्वीच्या पंचनाम्यात हा उल्लेख नाही; नंतर कळूनही तो मी कागदावर घेतला नाही.'