ग्विनचा डावा हात

पियानो सुरू करण्याआधी ग्विन डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. मला वाटायचं, एसीचा गारठा बाधत असेल. नव्वदीच्या दशकात दुबईतल्या एका हॉटेलात तो पियानिस्ट होता आणि मी साउंड ऑपरेटर. वेल्समधल्या खाणकामगाराचा हा मुलगा. गावच्या चर्चमध्ये थोरल्या बहिणीनं, मेगननं, त्याला पियानो शिकवला होता. "बापानं नुसतं काळं खणलं, मी काळं-पांढरं दोन्ही खणतो," असं तो म्हणायचा.

एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणाच्या ऐन गर्दीत त्याचा डावा हात अडखळला. भलतेच सूर उमटले. पाहुणे जेवायचे थांबले. ग्विननं त्या हाताकडे रोखून पाहिलं आणि माइकवर विचारलं, "तुला व्हिसा कुणी दिला रे?"

सगळा हॉल हसत सुटला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, "कालचं ते रोज कर."

वर्षभरात पोस्टरवरचा 'पियानिस्ट' जाऊन तिथं 'कॉमेडियन' आला. अबुधाबी, रास अल खैमा, मस्कत, सगळीकडून बोलावणी येऊ लागली. हात चुकायचा, ग्विन त्याला दटावायचा, पासपोर्ट काढून घेण्याची धमकी द्यायचा. लोक डोळे पुसत हसायचे.

दुबईच्या करामा भागात एका उडप्याच्या हॉटेलात आम्ही चहाला जायचो. एकदा त्याच्या हातून कप निसटला. कप फुटल्यावरही हात थरथरतच राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्या शुक्रवारच्याही आधीपासून. डॉक्टर म्हणतो, पुढे उजवाही जाईल. सावंत, कुणाला बोलू नकोस. थरथरत्या हाताच्या पियानिस्टला हाकलतात, कॉमेडियनला टाळ्या मिळतात."

मी बोललो नाही. पण मग मला हसू येईना. रोज त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचवत होतो मात्र मीच.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मेगन त्याला भेटायला आली. पुढच्याच टेबलाशी बसली. हॉल खदखदून हसत होता आणि ती हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. कार्यक्रम संपला, लोक गेले. मी वायरी गुंडाळत होतो. ती स्टेजवर आली.

"हे सोंग नाही ना?"

"लोकांना आवडतं, मेगन."

"मी लोकांचं विचारलं नाही."

ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. म्हणाली, "तू उजवा वाजव."

दोघांनी मिळून चर्चमधलं एक भजन वाजवलं, डावा हात तिचा, उजवा त्याचा. मध्येच त्याला रडू फुटलं, पण त्यानं वाजवणं थांबवलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला विनोदाशिवाय ऐकत होतो. इतका चांगला वाजवायचा, हे मीसुद्धा विसरलो होतो.

दुसऱ्या सकाळी त्यानं राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाला, "सीझन तरी काढ. लोक तुझ्यासाठी येतात."

"खलास, हबीबी," एवढंच ग्विन बोलला.

एअरपोर्टवर मेगन काउंटरवर सामान देत होती. तिकडे थंडी असेल म्हणून ग्विननं आधीच जाड कोट चढवला. बटणं काही लागेनात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा प्रयत्न झाला. आता काहीतरी बोलेल आणि आपल्याला हसावं लागेल, म्हणून मी कसंनुसं तोंड करून उभा राहिलो.

तो काहीच बोलला नाही. हात खाली सोडले आणि लहान मुलासारखी हनुवटी वर केली. मी पुढे होऊन एकेक बटण लावलं.