‘आज नको’ म्हणणारी मुलगी

ती पुस्तकं चांगली लिहिलेली नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढ्यासाठी कोणी मला मध्येच थांबवायला नको. इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्यानं ते काम बहुतेक पेंगत केलं असावं. दर चार पानांनी नायिकेचं काळीज धडधडायचं, दर दहा पानांनी डोळ्यांत पाणी तरळायचं. बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा गावातली एक मुलगी आणि घोड्यांच्या तबेल्यात काम करणारा एक मुलगा, एवढ्यावर तेरा पुस्तकं निघाली. गुलाबी कव्हर, पिवळट कागद. यवतमाळच्या एसटी स्टँडवर स्पर्धा परीक्षेच्या गाईडांशेजारी ती मिळायची. मला राग त्या पुस्तकांवरच्या टीकेचा नाही. टीकेच्या नावाखाली जे केलं गेलं, त्याचा आहे.

मी तेव्हा अकरावीत होते, यवतमाळला मुलींच्या वसतिगृहात. वडील दारव्ह्याला तहसीलमध्ये कारकून. घरी कपाट भरून पुस्तकं, त्यामुळे आपण वाचणाऱ्या लोकांपैकी आहोत अशी एक घमेंड माझ्या अंगात लहानपणापासून होती. माझ्या खोलीतली मैत्रीण दारव्ह्याजवळच्याच खेड्यातली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी फराळ खात लोळायचे, ती कापसाच्या वेचणीला जायची. परत आली की तिच्या बोटांच्या टोकांवर बोंडांचे ओरखडे असायचे आणि आठवडाभर तिला पेन नीट धरता यायचा नाही.

त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक मीच तिला दिलं. थट्टा म्हणून दिलं. ‘वाच, हसून हसून मरशील,’ असं म्हणाले होते. ती हसली नाही. रविवारी दुपारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तिनं ते एका बैठकीत संपवलं आणि मला विचारलं, “दुसरं आहे का?” मग आम्ही दोघींनी मिळून अकरा पुस्तकं जमवली. मी वरवर टिंगल करत वाचायचे आणि ती मन लावून. खरं सांगायचं तर मन लावून मीही वाचत होते. फक्त कबूल करायची हिंमत तिच्यात होती, माझ्यात नव्हती.

कापसाचे ते वाईट दिवस होते. रोज पेपरात जिल्ह्याचं नाव यायचं. बाहेरून पाहणी करणारे लोक यायचे, गाड्या घेऊन खेड्यांत जायचे आणि संध्याकाळी परतायचे. आमचे अर्थशास्त्राचे सर प्रत्येक सभेत कापसावर बोलायचे. फार चांगलं बोलायचे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

एके दिवशी त्याच सरांनी तिला तासाला पुस्तक वाचताना पकडलं. चूक तिची होती. तासाला वाचायला नको होतं. पुस्तक घेऊन ठेवलं असतं, बाहेर काढलं असतं, तरी चाललं असतं. सरांनी पुस्तक उलटसुलट केलं, कव्हर सगळ्या वर्गाला दाखवलं आणि तिला म्हणाले, “उभी राहा. कुठपर्यंत आलीस? तिथून मोठ्यानं वाच.”

ती उभी राहिली. पान होतं ते असं: तबेल्यातला मुलगा नायिकेला घरी सोडायला निघालाय. रस्त्यात तो विचारतो, तुझा हात धरू का? ती म्हणते, आज नको. तो हात कोटाच्या खिशात घालतो आणि घरापर्यंत तिला एका आजारी घोडीची गोष्ट सांगत जातो. बस, एवढंच.

तिनं ‘आज नको’ म्हटलं आणि मागच्या बाकांवरून हशा उसळला. सर हसले नाहीत. ते गंभीर झाले, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाले, “बाहेर शेतकरी मरतोय आणि आमच्या मुलींना हे सुचतंय. लाज वाटली पाहिजे.”

हे त्यांनी कुणाला म्हटलं? त्या वर्गात पंख्याखाली बसलेल्या साठ जणांपैकी पंधरा दिवसांपूर्वी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत वाकून उभी होती ती एकटी. सरांनी कापसावर भाषणं केली होती, हिनं कापूस वेचला होता. ती मान खाली घालून उभी राहिली.

आणि मी हसले. वर्ग हसला तेव्हा मीही हसले. मी ती पुस्तकं वाचणाऱ्यांपैकी नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून हसले.

संध्याकाळी खोलीत ती आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, “तू बी हसली.”

“सगळेच हसत होते.”

“सगळ्याईचं नाही सांगून राह्यली मी.”



पुढचे कित्येक महिने कॉलेजची पोरं तिच्या मागून ‘आज नको, आज नको’ करत चालायची. सायकल आडवी घालून विचारायची, हात धरू का? त्या पोरांना कुणी वर्गात उभं केलं नाही. उलट सरांनी वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमना निरोप धाडला, मॅडमनी खोल्यांतल्या पेट्या उघडायला लावल्या, अकराच्या अकरा पुस्तकं तिच्याच पेटीत सापडली आणि घरी पत्र गेलं. त्यातली निम्मी माझी होती. तेही मी त्या दिवशी सांगितलं नाही.

पत्र मिळाल्यावर तिची आई आली. वेचणीचा एक दिवस मोडून, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, दुपारी बारा वाजता. मी त्यांना मावशी म्हणायचे. मॅडमच्या टेबलावर पुस्तकं पुराव्यासारखी रचून ठेवली होती. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मैत्रीण भिंतीला टेकून उभी होती, मी दारात. मॅडम बराच वेळ वय, संस्कार, बिघडणं यावर बोलल्या. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मले दाखवा ना, काय हाय त्यात.”

मॅडमनी पुस्तक पुढे केलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला आणि ते माझ्याकडे दिलं. “वाच बाप्पा. वर्गात वाचलं तेच वाच.”

“ताई, ते मोठ्यानं वाचण्यासारखं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“वर्गात साऱ्याईसमोर वाचून घेतलं ना? मंग इथं काय झालं?”

मी वाचलं. ‘आज नको’पर्यंत आले आणि थांबले.

“मंग?” मावशी म्हणाल्या. “थो काय म्हणे?”

मी पुढचं वाचलं. खिसा, रस्ता, आजारी घोडी, घर आलं तिथपर्यंत.

“तिनं नाही म्हणलं तं त्यानं ऐकलं?”

“हो मावशी.”

“रागावला नाही?”

“नाही.”

मावशींनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग मॅडमना म्हणाल्या, “याच्यात वाईट कोणतं हाय, थे सांगा मले.”

मॅडम जरा चिडल्या. “अहो, हे सगळं खोटं असतं. असे मुलगे नसतात. मुलींच्या डोक्यात भलत्या कल्पना भरतात.”

“नसतात, थे मले मालूम हाय,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तं लिहिलं असन ना कोणी.”

ती पुस्तकं तरीही परत मिळाली नाहीत. परीक्षेनंतर ती रद्दीत गेली. मावशी दोनच्या गाडीनं गेल्या. जाताना लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून एवढंच म्हणाल्या की अभ्यास पण कर.

मैत्रीण बारावी झाली, नर्सिंग केलं आणि मारेगावकडे एका दवाखान्यात लागली. तिला बघायला पाहुणे आले तेव्हा मी तिथं होते. चहा झाला, तारखेचं बोलणं सुरू झालं. ती मुलाकडे बघून म्हणाली, “तुम्ही मले एक गोष्ट विचारली नाही.”

“कोणती?”

“मले हे लगन करायचं हाय का.”

ते स्थळ गेलं. भावकीत महिनाभर चर्चा चालली की पुस्तकं वाचून पोरगी हाताबाहेर गेली. सरांची आणि मॅडमची भाषा तोवर तिच्या खेड्यापर्यंत पोचली होती. दोन वर्षांनी तिनं लग्न केलं. ठरल्यावर मला फोन आला तेव्हा मुलाची नोकरी, घर, काहीच आधी सांगितलं नाही. “यानं विचारलं,” म्हणाली.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. यवतमाळलाच तरुणांचं वाचन या विषयावर परिसंवाद होता. मी स्वतः आता कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून श्रोत्यांत होते. एका वक्त्यानं त्याच मालिकेचं नाव काढलं आणि सभागृह आपोआप हसलं. त्यानं नायिकेच्या काळजाची नक्कल केली. पुन्हा हशा. मग आवाज खाली आणून म्हणाला, जिल्ह्यात कापूस जळत होता त्या काळात आमच्या मुली असला कचरा वाचत होत्या.

मी हात वर केला नाही, सरळ उठले. म्हणाले की त्या मुलींपैकी एक मी आहे. त्या काळात जिल्ह्यातल्या पुरुषांना कोणी विचारलं का, की तुम्ही चौकात बसून पत्ते का खेळता, मारामारीचे सिनेमे का बघता? कापसाच्या नावानं शरम फक्त सोळा वर्षांच्या पोरीनंच का बाळगायची? वाईट वाक्यांची यादी करा, मी मदत करते. पण ज्या पुस्तकात एक मुलगा ‘नाही’ ऐकून घेतो, त्या पुस्तकाला तुम्ही हसता, तेव्हा तुम्ही भाषेला हसत नसता.

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष म्हणाले, “ताईंच्या भावना आपण समजू शकतो,” आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

चहाच्या वेळी तो वक्ता स्वतःहून जवळ आला. माणूस सभ्य होता. “मॅडम, तुम्ही खरंच सगळी वाचलीत?”

“अकरा. तुम्ही?”

“एक चाळलं होतं,” तो हसून म्हणाला. “पुरेसं होतं.”

“मला ते पुरेसं वाटत नाही,” मी म्हणाले. “वाचा आणि मग हसा.”

तो आणखी काहीतरी म्हणणार होता. मी चहा तसाच टेबलावर ठेवला आणि गाडीची किल्ली शोधत बाहेर आले.