वैजनाथरावांचा साधा आवाज

मेहकरच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत, पुंजाजी नावाचा एक यंत्रमानव बसायचा. चिखलीची गाडी कधी आहे म्हणून विचारलं की तो सांगायचा, "चि-ख-ली. फ-लाट दोन. उ-शिरा ये-ईल." कुणी चिडून शिवी दिली तर ती नोंदवून घ्यायचा आणि पुढच्या प्रवाशाला नम्रपणे ऐकवायचा.

हा पुंजाजी अर्थात गोष्टींतला. पंचायत समितीत कारकुनी करणाऱ्या वैजनाथरावांनी त्याला जन्माला घातलं आणि तीस वर्षं सांभाळलं. त्यांच्या विज्ञानकथा दिवाळी अंकांत येत, दोन पुस्तकंही निघाली. पण पुंजाजी खरा जगला तो वाचनालयाच्या सतरंजीवर. दर शनिवारी दुपारी वैजनाथराव तिथे पोरांना गोष्ट सांगत. पुंजाजीची पाळी आली की मान ताठ, डोळे स्थिर, आणि एकाच पट्टीतला, चढउतार नसलेला आवाज. पोरं लोळून हसायची. आया मोबाइल काढून तेवढा भाग टिपायच्या. पुंजाजी बोलायचा थांबला की मोबाइलही बंद व्हायचे.

मधली गोष्ट वैजनाथराव स्वतःच्या आवाजात सांगत. तो आवाज साधा होता. जरा जाडसर, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा, हसू येणार असलं की आधीच ओलावणारा. त्याचं कुणी कधी कौतुक केलं नाही. नळाच्या पाण्याचं कोण करतं?

दोन वर्षांपूर्वी घसा बसला तो सुटेना. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बराच उशीर झाला होता. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला खाली भोक राहिलं, श्वासापुरतं. बोलण्यासाठी टॉर्चएवढं एक यंत्र दिलं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि तोंड हलवायचं, की शब्द उमटत. एकाच पट्टीत, चढउतार नसलेले.

बाजारात, बँकेत, वाचनालयात पाटी-पेन्सिल चालून जायची. घरात चालत नव्हती. त्यांच्या पत्नीच्या, कोकिळाबाईंच्या डोळ्यांचे पडदे साखरेच्या आजारानं आधीच गेले होते. उजेड आणि सावली, एवढंच त्यांना दिसे. नवऱ्याला त्या चार वर्षं आवाजावरूनच ओळखत होत्या.

नागपूरहून आल्या दिवशी वैजनाथरावांनी ते यंत्र गळ्याला लावून हाक मारली, "को-कि-ळा."

कोकिळाबाई हसल्या. "आल्या आल्या पुंजाजी सुरू? पुरे झालं. सरळ बोला आता."

ते पुन्हा बोलले. त्या पुन्हा हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या. मग त्यांचा चेहरा जो उतरला, तो वैजनाथरावांनी पाहिला आणि यंत्र खिशात ठेवून दिलं.

नंतर त्यांनी चार-पाचदा प्रयत्न केला. बाई दचकायच्या. एकदा हात जोडून म्हणाल्या, "रागावू नका हो. पण तो बोलला की मले वाटते, घरात कोणी परकं शिरलं. तुमी आहा कुठं, मले समजतच नाही."

तेव्हापासून घरात टाळ्या सुरू झाल्या. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाई दिवसभर प्रश्न विचारत: भाजीत मीठ झालं का, दूधवाला आला का, बाहेर आभाळ आहे का. वैजनाथराव टाळी देत. हो आणि नाही यांच्या पलीकडचं जे काही माणसाला माणसाशी बोलायचं असतं, त्याला टाळी नव्हती. "भीती वाटते" याला टाळी नव्हती. "तू नसतीस तर" याला नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंना ते इतकं एकटं कधी सोडून गेले नव्हते, आणि आता तर चोवीस तास शेजारी बसून सोडून जात होते.

जानेवारीत मुलगा चार दिवसांसाठी पुण्याहून आला. चिन्मय संगणकाच्या कामात. त्यानं पहिल्या दिवशी टाळ्या ऐकल्या, दुसऱ्या दिवशी वडिलांसमोर फोन ठेवला.

"बाबा, हे पाहा. तुमच्या जुन्या आवाजाचा नमुना याले द्यायचा. मग तुम्ही टाइप करा, हे तुमच्या आवाजात बोलेल. कृत्रिम बुद्धिमत्ता. तुम्ही ज्याच्यावर लिहीत होता, तेच."

वैजनाथरावांनी पाटीवर लिहिलं: 'अशी कथा मी लिहिली आहे. त्यात बायको ओळखते, हा नवरा नाही.'

"ती कथा होती, बाबा."

त्यांनी ते पुसलं. मग लिहिलं: 'किती नमुना लागतो?'

"दोन-चार मिनिटं. बस."

दोन-चार मिनिटं! माणूस अडुसष्ट वर्षं बोलला होता. बापलेक उत्साहानं कामाला लागले. वाचनालय सांभाळणाऱ्या कुलदीपनं पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला आणि संध्याकाळपर्यंत बेचाळीस तुकडे गोळा झाले. चिन्मय एकेक लावत गेला. "चि-ख-ली. फ-लाट दोन." "मा-णूस का र-डतो? पा-णी वा-या जाते." सगळे पुंजाजीचे. कुणाच्याही मोबाइलमध्ये पुंजाजीच्या आधीचं किंवा नंतरचं एक वाक्य नव्हतं.

"लग्नाचा व्हिडिओ," चिन्मय म्हणाला. त्याच्याच लग्नात वैजनाथराव माइक धरून पाच मिनिटं बोलले होते. व्हिडिओ सापडला. वडील बोलताना दिसत होते, हसताना, डोळे पुसताना दिसत होते. आणि हौशी चित्रणवाल्यानं सगळ्यावर सनई चढवली होती. फोनवरचे आवाजी निरोप? ते वैजनाथरावांनी आयुष्यात पाठवले नव्हते. लेखकानं लिहावं, असं त्यांचं मत. वैजनाथरावांच्या धाकट्या बहिणीला, मयुरीला, संग्रामपूरला फोन केला. ती रडायला लागली. "दादाचा आवाज कोण भरून ठेवते रे? तो काय मरून राह्यला होता?"

शेवटी चिन्मयनं पुंजाजीचेच तुकडे यंत्राला दिले. निदान बघू तरी. वैजनाथरावांनी टाइप केलं, 'कोकिळा, मी आहे.' फोन बोलला, "को-कि-ळा. मी आ-हे."

स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, "काऊन छळता रे मले दोघं मिळून?"

वैजनाथराव उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. रडायलाही स्वरयंत्र लागतं हे त्यांना सहा महिन्यांपूर्वी कळलं होतं.

चिन्मय त्यांच्या पाठीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबा, माझ्याकडे एक आहे."

ते वळले.

"माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. जुने पुसले जातात, तुमचा एक राहिला. सहा मिनिटांचा." तो वर बघेना. "मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. तो त्या दिवशीचा आहे. पुण्याला डॉक्टरांना दाखवायला या म्हटलं होतं, तो."

वैजनाथरावांना आठवलं. घसा बसून तीन महिने झाले होते. पोरगा गाडी पाठवतो म्हणाला होता आणि त्यांनी त्याला अस्सा झाडला होता, की पुढे पोरानं महिनाभर फोन केला नाही. त्या महिन्याबद्दल नागपूरचे डॉक्टर नंतर म्हणाले होते, "तेव्हाच आणलं असतं तर..." आणि वाक्य पुरं केलं नव्हतं.

त्यांनी पाटीवर लिहिलं: 'दे.'

चिन्मयनं स्वतःचा आवाज त्यातून कापला आणि उरलेला यंत्राला दिला. दहा मिनिटांत आवाज तयार झाला. बाईंना बाहेर बोलावून खुर्चीवर बसवलं. वैजनाथरावांनी टाइप केलं, 'कोकिळा, तुझ्याशी बोलायचं आहे. किती दिवस झाले.'

आवाज आला. त्यांचाच. घोगरा, बसलेला, पण त्यांचा. फक्त प्रत्येक शब्द दरडावल्यासारखा निघत होता. यंत्राला त्यांचा रागच तेवढा माहीत होता.

कोकिळाबाई खुर्चीत सरळ झाल्या. हात हवेत चाचपडले. "अहो?" त्या म्हणाल्या. "कशाचा राग आला?"

त्यांनी घाईनं टाइप केलं, 'राग नाही. मी खूश आहे.' ते वाक्यही दरडावून आलं.

बाईंचे हात हळूहळू मांडीवर परतले. "हे तुमी नाही," त्या म्हणाल्या. "आवाज तुमचा आहे, पण बोलून दुसरंच कोणी राह्यलं." मग, "चिनू, हा आवाज आणला कुठून?"

त्यानं खरं सांगितलं.

"मी बाजूलेच बसली होती तवा," बाई म्हणाल्या. "मी म्हणाले, जाऊ द्या, पोराचं ऐकू नका, हळदीचं दूध घ्या. मीच म्हणाले." त्यांनी फोनच्या दिशेनं बोट केलं. "ते खरं लाव. यंत्राचं नको."

"आई, त्यात बाबा फक्त ओरडतात गं."

"ओरडू दे. लाव."

सहा मिनिटं तो आवाज त्या खोलीत ओरडत राहिला. बाई फोनकडे तोंड करून ऐकत होत्या. वैजनाथराव त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.

सोमवारी चिन्मय परत गेला. जाताना ते सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घरच्या जुन्या फोनवर टाकून गेला. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, की कोकिळाबाई खुर्चीत बसून म्हणतात, "लावा."

वैजनाथराव लावतात.

"मले काही झालं नाही!" फोन म्हणतो. "दोन दिवसात सुटते घसा. शनिवार बुडवून मी पुण्याले येऊ?"

"जा न हो," कोकिळाबाई फोनला म्हणतात. "पोरगा इतका म्हणून राह्यला. एकदा दाखवून या."

"नाही येत म्हणलं ना एकदा!"

"माह्यासाठी तरी जा. मी दूध-बीध काही देत नाही आता. गाडी पाठवते म्हणते तो. जा."

"नाही येत!"

बाई सगळं समजून आहेत. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. सहा मिनिटं संपली की त्या डोळ्यांना पदर लावतात. मग त्या वैजनाथरावांच्या दिशेनं हात पुढे करून विचारतात, "पुन्हा एकदा लावता?"

वैजनाथराव एक टाळी वाजवतात आणि बटण दाबतात.