विहिरीची मरळ
नातीसाठी रंगीत मासे घ्यायला दुकानात शिरले आणि शेवाळाच्या वासानं मला सत्तरच्या दशकातल्या कळमनुरीच्या बाजारात नेलं. थोरल्या जाऊबाईंनी काचेच्या पेटीत नखाएवढे दोन लाल मासे पाळले होते. लेकरू नसल्यानं त्या त्यांच्याशीच बोलत. त्या माशांना सोबत म्हणून मी बाजारात वीतभर लांबीची जिवंत मरळ मागितली. "सोडता कुठं?" मासेवालीनं विचारलं. पेटीत म्हटलं तर हसेल म्हणून मी "विहिरीत" म्हटलं. "मग बराबर हाय. बारकं काही ठेवत न्हाई ही." मी ते किड्यांपुरतं समजले आणि घरी येऊन मरळ पेटीत सोडली. सकाळी पेटीत मरळच उरली होती. "कोणी सांगितलं न्हाई काय तुला?" जाऊबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी मरळ विहिरीत सोडली आणि पेटी पुसून माळ्यावर ठेवली. आज दुकानदारानं विचारलं, "घरी आधी कोणते मासे आहेत?" मी त्याला नको इतकं खरं सांगत बसले.