रोज एक सत्कर्म, नाहीतर सुट्टी बंद

मंडळी, आत्ताच करजणहून मांजलपूरला घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

करजणजवळच्या एका शाळेत माझी नात ईशा हॉस्टेलला राहते. तिथे म्हणे मुलांचं चारित्र्य घडवतात. प्रत्येकीने रोज एक सत्कर्म करून वहीत लिहायचं. ईशाने दोनदा लिहिलं, "आज काही केलं नाही." झालं! मला बोलावणं, आणि तिची रविवारची घरची सुट्टी बंद.

मी बाकीच्या वह्या उघडल्या. जिने तिने रोज एका म्हातारीला रस्ता ओलांडून दिलाय! मी हॉस्टेलच्या मॅडमना विचारलं, "बेन, या गावात म्हाताऱ्या आहेत तरी किती? दिवसभर रस्ताच ओलांडतात का?"

मॅडम त्यांच्या गुजराती वळणाने म्हणाल्या, "बा, नियम एटले नियम. आत्ता काहीतरी लिहू दे, सुट्टी देते."

ईशाने माझ्याकडे बघितलं. "आजी, खोटं लिहू?" घरी यायला पोरगी दिवस मोजत होती हो.

मी म्हटलं, "नको लिहूस. रविवारी मीच डबा घेऊन येते."

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, असलं चारित्र्य मला कळत नाही. तुमच्या पोरांकडून शाळेत काय लिहून घेतात, बघितलंय कधी?